पाणी नाकारावं का?

वैशाखात मुरबाडहून कसाऱ्याकडं निघालो होतो. खर्डीच्या पुढं हायवेला एक ठाकर बाई करवंदं विकत होती. तिथंच सावलीला टेकलो. मुंबईची गाडी थांबली. शेठनं वीसचा द्रोण पंधराला घेतला. पोराचे हात चिकानं माखले.

"मावशी, हात धुवायला पाणी द्या."

"पैसे आणखी कमी द्या शेठ, पाणी नका मागू. टँकर दोन दिसांनी येतो."

शेठ हसला. "तानसा, भातसा, वैतरणा, सगळी धरणं तुमच्याकडं, आणि पाणी नाही?"

"धरणं आमच्याकडं, नळ तुमच्याकडं!"

आम्ही तिघंही हसलो. पण मनात टोचलं. कुणाला पाणी नाही म्हणू नये, असं आई सांगायची. मग हे पाप कुणाचं?

तेवढ्यात पोरगं म्हणालं, तहान लागली. बाईनं लगेच स्वतःची बाटली त्याच्या तोंडात धरली. शेठ पैसे काढू लागला, तर म्हणाली, "पाण्याचे नाय घेत."

तहानेला नाही म्हणू नये, हात धुवायला म्हटलं तर चालतं. हा हिशेब तिला न शिकता येत होता. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय; शेठला तो हिशेब कुणी सांगितलाच नसेल.

पण माझं काय? माझ्या पिशवीत भरलेली बाटली होती. मी ती बाहेर काढलीच नाही.