समुद्र, पंगत आणि परकी भाषा

समुद्र ओलांडून परमुलखात राहणे हे पाप आहे काय, या प्रश्नाला धर्मशास्त्रात एकच एक उत्तर सापडत नाही. बौधायन धर्मसूत्रात पतित करणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रप्रवास पहिलाच येतो. त्यावरचे प्रायश्चित्त तीन वर्षांचे: चौथ्या जेवणवेळेला, तेही बेताचे खायचे, त्रिकाळ स्नान करायचे, दिवस उभ्याने आणि रात्र बसून काढायची. गंमत अशी की, हाच ग्रंथ समुद्रप्रवासाची नोंद उत्तरेकडच्या लोकांचा रूढ आचार म्हणूनही करतो. मनुस्मृती त्यामानाने सौम्य. समुद्रयात्रा केलेल्याला श्राद्धाला बोलावू नये, एवढ्यावर ती थांबते.

खरी कोंडी केली ती कलिवर्ज्यांनी, म्हणजे कलियुगात निषिद्ध ठरवलेल्या आचारांच्या यादीने. नौकेने समुद्रावर गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी कलियुगात त्याला जातीत परत घेऊ नये, असा नियम पुढे आला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यासारख्या निबंधकारांनी तो आपल्या ग्रंथांत नोंदवला. प्रायश्चित्ताने पाप धुऊन निघत असेल, तर माणूस पंक्तीबाहेर का राहावा? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेत याला आधार मिळतो. पापाला दोन शक्ती असतात, एक नरकात नेणारी आणि दुसरी लोकव्यवहार तोडणारी. पहिली नाहीशी झाली तरी दुसरी शिल्लक राहू शकते. युक्तिवाद चतुर आहे, पण त्यातून एक गोष्ट उघडी पडते. शुद्ध झालेल्या माणसालाही बाहेर ठेवायचे, तर प्रश्न त्याच्या आत्म्याचा उरत नाही, शेजारी कोण जेवायला बसतो याचा उरतो.

पाण्याचे वावडे मुळात नव्हतेच. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे समुद्रावरच्या व्यापारावर वाढली आणि समुद्रस्नान तर पुण्याचे. दोष मानला गेला तो जहाजावरच्या व पैलतीरावरच्या अन्नाचा, पाण्याचा, स्पर्शाचा. 1781 मध्ये रघुनाथरावाचा वकील हणमंतराव इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर मणियार रतनजी व त्याचा मुलगा कर्सेटजी हे पारशी होते. ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने बीकन्सफील्डच्या आपल्या घराजवळचे काचघर त्यांना दिले, म्हणजे स्वयंपाक आणि नित्यकर्मे त्यांना आपल्या रीतीने करता यावीत. एवढे सोवळे सांभाळूनही परतल्यावर शुद्धी चुकली नाही. सोन्याची योनी घडवून तिच्यातून हणमंतरावाला पार करवले, म्हणजे नवा जन्म दिला, असे प्राच्यविद्या-अभ्यासक फ्रान्सिस विलफर्डने लिहून ठेवले आहे. काचघरात राहून वकिली करता येते. भाषा मात्र तशी येत नाही.

निषेधाचा खरा रोख इथेच कळतो. रायपूरजवळच्या उरल्यातून, लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या वस्तीतून, एखादी मराठी विद्यार्थिनी इटालियन शिकायला सालेर्नोला उतरली, तर वर्गात तिला व्याकरण मिळेल. बोली मिळेल ती घरमालकिणीच्या टेबलावर, पावाची टोपली पुढे सरकवताना, चुकलेले लिंग कोणीतरी हसत सुधारते तेव्हा. शास्त्राने ज्याला संसर्ग म्हणून दोष दिला, तोच इथे अभ्यासाचा मार्ग आहे. सालेर्नोला हे नवे नाही. मध्ययुगात तिथले वैद्यकपीठ युरोपभर गाजत होते, आणि अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कॉन्स्टंटाइनने अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये आणले ते दक्षिण इटलीतच.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना हा निषेध आड आला नाही. त्यांची अडचण वेगळी होती. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण-ख्रिस्ती कुटुंबातल्या मातेउस द कास्त्रोला गोव्यात पुरोहितदीक्षा मिळेना, म्हणून तो रोमला गेला. तिथे शिकून 1630 मध्ये पाद्री आणि 1637 मध्ये बिशप झाला. समुद्र मोकळा होता, अडवणूक घरच्या धर्मपीठाची होती.

हिंदू समाजात वाद पेटला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. आनंदीबाई जोशी यांनी 1883 मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात, आपण हिंदू म्हणूनच जाणार आणि हिंदू म्हणूनच परतणार, असे जाहीर केले. न्यू जर्सीत कार्पेंटर कुटुंबात त्या घरच्यासारख्या राहिल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. जात जायला समुद्र लागतोच असे नाही, हे पुण्याने चारच वर्षांनी दाखवले. 1890 मध्ये ख्रिस्ती पंचहौद मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, झाले आणि रानडे, टिळक दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. इथे ना जहाज, ना परदेश. पेला तेवढा पुरला. पुढे सावरकरांनी सात स्वदेशी बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदीच्या जोडीला रोटीबंदी ठेवली. दोन्हींचे मूळ एकच असल्याने ती जोडी योग्यच म्हणायची.

आज गृहस्थाला याचा जाच उरलेला नाही. मनूचा श्राद्धाचा नियम तर उलटाच झाला आहे: अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या देवळांत पौरोहित्य करून आलेले गुरुजी इथे श्राद्ध सांगतात आणि यजमानाला त्यात काही वावगे वाटत नाही. मठाधीशांच्या बाबतीत मात्र नियम अजून जिवंत आहे. 2008 च्या उडुपीच्या पर्यायाच्या वेळी, म्हणजे कृष्णपूजेची पाळी एका मठाकडून दुसऱ्याकडे जाताना, पुत्तिगे मठाच्या स्वामींनी परदेशवारी केली म्हणून त्यांनी कृष्णमूर्तीला स्पर्श करू नये, असा आक्षेप इतर मठांनी घेतला होता.