कुणाच्याच हातून न मेलेला मासा

मृगाचा पहिला दांडगा पाऊस पडला की आमच्या अच्छाडच्या ओहोळांना लाल पाणी येतं आणि मासे धारेच्या उलटे वर चढतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून भाताच्या खाचरात. अंडी घालायला त्यांना उथळ, गवताळ पाणी लागतं. ही वलगण. बांधाच्या तोंडाशी कामट्यांचा सापळा लावून, बॅटरीच्या उजेडात सगळा पाडा रात्रभर पाण्यात उभा असतो. मळे, शिवडे, मुरे. सगळ्यांची पोटं गाभोळीनं तट्ट फुगलेली. आंबट घालून केलेल्या त्या कालवणाची चव वर्षात पुन्हा येत नाही.

मी वारली आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आणि दर जूनमध्ये एक प्रश्न मला सोडत नाही. पिलं जन्माला घालायला निघालेल्या जीवाला वाटेत अडवून मारायचं, हे कुठल्या धर्मात बसतं?

कुर्झ्याच्या धरणावर मुंबईहून गळ टाकायला आलेल्या एका पाहुण्यानं तो मला तोंडावरच विचारला. त्याच्याकडे रीळ लावलेली सुंदर काठी होती. धरलेला मासा त्यानं ओल्या हातांनी अलगद पाण्यात सोडला आणि म्हणाला, "गुरुजी, मी जीव घेत नाही. तुम्ही तर पोटुशी आई मारता." तो हिणवत नव्हता. मनापासून बोलत होता, म्हणून त्याला मनापासून उत्तर देणं भाग आहे.

माशाला दुखतं की नाही, यावर आता फारशी पळवाट उरलेली नाही. संशोधक लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ट्राउट माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या नसा असल्याचं दाखवून दिलं. गळ तिथेच रुततो. स्वित्झर्लंडनं २००८ पासून सोडून देण्याच्याच हेतूनं मासे धरायला मनाई केली आहे. मला हे पटतं. भुकेसाठी दिलेलं दुःख आणि करमणुकीसाठी दिलेलं दुःख माशाच्या लेखी एकच असेल, पण देणाऱ्याच्या लेखी एक नसतं. खाणाऱ्याला निदान कबूल करावं लागतं की मी जीव घेतला. सोडून देणारा मात्र स्वतःला निर्दोष समजून घरी जातो.

पण एवढ्यानं आमची सुटका होत नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. तपाचा अभिमान झालेल्या कौशिक ब्राह्मणाला हा मांस विकणारा माणूस धर्म शिकवतो. नांगर चालवताना जमिनीतले किती जीव मरतात, चालताना पायाखाली किती चिरडतात, हे तो दाखवतो. पूर्ण अहिंसक असा कुणीच नाही. पुष्कळ लोक याचा अर्थ 'मग चालायचंच' असा घेतात. मला वाटतं, व्याध उलट सांगतो: आपल्या हातून काय मरतं ते डोळे उघडे ठेवून पाहा, आणि जमेल तेवढं कमी करा.

माझ्या आजाला महाभारत ठाऊक नव्हतं. तो सापळ्याच्या कामट्या मुद्दाम विरळ बांधायचा आणि सगळी वाट कधीच अडवायचा नाही. एक बाजू मोकळी. पहिल्या रात्री चढणारे मासे तो जाऊ द्यायचा. अंडी टाकून उतरतील तेव्हा धरू म्हणायचा. गेळाची फळं ठेचून पाण्यात घातली की मासे गुंगतात, हे त्याला माहीत होतं, पण वलगणीत कुणी फळं आणली तर तो भांडायला उठे. झाईच्या मांगेला मच्छीमारांचंही तसंच. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्याला. आज यांत्रिक होड्यांना ती कायद्याची बंदी आहे, पण नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जायचं, ही रीत त्याहून जुनी.

आमच्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यातल्या तिळसे गावी वैतरणेच्या डोहात तिळसेश्वराचे मासे आहेत. त्यांना कुणी हात लावत नाही. भाविक खाऊ घालतात. डोहातला मासा देवाचा आणि डोहाबाहेरचा कालवणाचा, ही विसंगती नाही का, असं मला विचारतात. मला त्यात थोर शहाणपण दिसतं. माणूस खाणारच, म्हणून निदान एका जागी त्याचा हात देवानं धरला.

खरी अडचण आता वेगळीच आहे. आमचा तालुका महामार्गावरचा. त्यात द्रुतगती मार्ग आला, बुलेट ट्रेनचं बांधकाम आलं, शेताशेतांत मातीचे भराव आले. भरावाखालून पाणी जायला नळ टाकतात, पण नळाचं तोंड ओहोळाच्या तळापासून हातभर वर राहिलं की पाणी खाली धबाधबा पडतं आणि मासा तिथेच अडतो. अंडी पोटातच राहतात. त्या माशाला कुणी मारलं? आराखडा काढणाऱ्यानं मासा पाहिलेला नाही, माती टाकणाऱ्यानं पाहिलेला नाही. कुणी खाल्ला नाही, कुणाला पाप लागलं नाही. धर्मव्याधाच्या दुकानात निदान मांस समोर टांगलेलं होतं. मला या हिंसेची सर्वांत जास्त भीती वाटते, कारण तिला हातच नाही. धरायचा तरी कुणाचा?

पाहुण्याला मी हेच म्हणालो: दादा, तुमची काठी आणि माझा सापळा यांचं भांडण खरं आहे, पण पुढच्या पावसात खाचरात मासा चढला तरच ते उरेल.

आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं गावच्या लहान जलसाठ्यांच्या कारभारात गावाला अधिकार दिला आहे. म्हणून पावसाआधीच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतो आहे: यापुढे ओहोळावर पडणारा प्रत्येक नळ तळाच्या पातळीला, थोडा मातीत रुतवून बसवावा, आणि आधीच लोंबकळणाऱ्या नळांखाली दगड रचून चढण करावी. दगड आमच्याकडे पुष्कळ आहेत.