सुरुवातीच्या अलीकडे

विश्वाच्या उत्पत्तीवर व्याख्यान झालं की शेवटी एक प्रश्न हमखास येतो : महास्फोटाच्या आधी काय होतं? विचारणाऱ्याच्या स्वरात विजय असतो, जणू एवढ्याने सिद्धांत कोसळलाच. हे खटकतं, कारण सिद्धांत त्या क्षणावर उभाच नाही. दीर्घिका दूर जातात वगैरे पाठ्यपुस्तकातलं पुन्हा सांगत नाही. सिद्धांताचं खरं म्हणणं एवढंच, की विश्व पूर्वी अतिशय दाट आणि तप्त होतं व तेव्हापासून निवत आलं आहे. निवण्याचा इतिहास सांगणं वेगळं, उगम सांगणं वेगळं.

या इतिहासाला सर्वांत चिवट विरोध केला फ्रेड हॉईल आणि जयंत नारळीकर या खगोलशास्त्रज्ञांनी; विश्वाला अशी एक सुरुवात नाही, असं त्यांचं मत होतं. पेंझियस आणि विल्सन यांना सापडलेलं, चहूकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण म्हणजे लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंनी शोषून पुन्हा सोडलेला ताऱ्यांचा प्रकाश, असं ते 1990च्या दशकातही मांडत होते. पुराव्याने साथ दिली नाही. कोबे उपग्रहाने 1990मध्ये दाखवलेला या प्रारणाचा वर्णपट आदर्श कृष्णवस्तूच्या, म्हणजे एकाच तापमानाला समतोलात असलेल्या वस्तूच्या, वर्णपटाशी कमालीचा जुळला. शिवाय साध्या द्रव्याच्या वस्तुमानात सुमारे पाव वाटा हेलियमचा आहे. तेवढा हेलियम नेहमीच्या ताऱ्यांत तयार होऊ शकत नाही; पहिल्या काही मिनिटांच्या तप्त विश्वात मात्र होऊ शकतो. हा हिशेब 1964मध्ये टेलर यांच्यासह मांडणारे खुद्द हॉईलच! आपल्याच मताला अडचणीचा ठरणारा हिशेब छापायला देणं, याला मी फार मोठेपण समजतो. आणि 2000 साली पुण्याच्या आयुकातले, म्हणजे नारळीकरांनीच उभ्या केलेल्या संस्थेतले, श्रीआनंद आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी सुमारे 1100 कोटी वर्षांपूर्वीच्या एका वायुमेघात त्या प्रारणाचं तापमान 6 ते 14 केल्विनच्या दरम्यान असल्याचं दाखवलं. आज ते 2.7 केल्विन आहे, म्हणजे विश्व खरोखरच निवत आलं आहे.

तरीही नारळीकरांचा मूळ आक्षेप यातल्या कशानेच सुटत नाही. तो उगमाबद्दलचा आहे : समीकरणं मागे नेत गेलं की घनता अनंत होते. सगळं द्रव्य एका क्षणी कसं आलं, याला नियमच उरत नाही. त्यावर हेलियमकडे बोट दाखवणं प्रामाणिकपणाचं नाही, कारण हेलियम साक्ष देतो ती पहिल्या काही मिनिटांची. मग सभागृहातला तो प्रश्न रास्तच ठरतो. सिद्धांत कोसळला, हा निष्कर्ष तेवढा चुकीचा. आणि ‘विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली’ हे वाक्य विज्ञानाच्या नावावर खपवणंही तितकंच चुकीचं. पहिल्या क्षणांबद्दलचे दावे किती निसरडे असतात, तेही दिसलं आहे : 2014मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या संशोधकांनी पहिला सेकंद पुरा होण्याच्याही आधीची, विश्व क्षणार्धात फुगल्याची खूण सापडल्याचं जाहीर केलं. वर्षभरात ती मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतली धूळ निघाली. तेव्हा त्या पहिल्या क्षणांबद्दलच्या लोकप्रिय कल्पनांकडेही, नारळीकरांकडे मागितला तेवढाच, थेट पुरावा मागायला हवा.