न दुखणारा दंश

अंगाला काही झालं तर दुखणारच आणि दुखत नसेल तर काही झालेलं नाही, हा हिशेब माणूस जन्मभर धरून चालतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यांचा, म्हणजे मजूर जोडप्यांचा, सगळा हंगाम तर त्यावरच निघतो. बोट कापलं की चिंधी बांधायची, ठणका उतरला की पुन्हा मोळ्या बांधायला लागायचं. हा हिशेब बहुधा बरोबर येतो. तो कुठे आणि का फसतो, हे उमगायला मात्र विज्ञानाला तीनशे वर्षं लागली.

दुखणं जाणवतं ते नेमकं कुणाला, हा प्रश्न जुनाच आहे. याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, कवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चं परंपरेने मानलेलं साल ११८८. ज्या वेदान्तविचाराचा तो ग्रंथ, त्यात इंद्रियं विषय आत आणतात, मन ते स्वीकारतं, बुद्धी निवाडा करते आणि या सगळ्याचा साक्षी असलेला आत्मा निराळाच राहतो. ही मांडणी मोक्षासाठी होती, शरीरशास्त्रासाठी नव्हे. तरी संवेदना वेगळी आणि ती जाणणारा वेगळा, हा भेद तिने पक्का केला होता. युरोपात तत्त्वज्ञ देकार्तने हाच प्रश्न यंत्राच्या अंगाने सोडवू पाहिला. त्याच्या मृत्यूनंतर १६६२ मध्ये छापलेल्या पुस्तकात विस्तवाजवळ पाय गेलेल्या माणसाची कल्पना आहे: पायापासून मेंदूपर्यंत गेलेला धागा ओढला जातो, मेंदूतलं छिद्र उघडतं आणि पाय मागे येतो. तपशील चुकीचा निघाला, पण संवेदनेला ठरलेली वाट असते हा विचार टिकला.

पुढचा धक्का मेंदूच्या मोठेपणालाच बसला. रॉबर्ट व्हिट या स्कॉटिश वैद्याने १७५१ मध्ये दाखवलं, की डोकं नसलेल्या बेडकाचाही पाय डिवचल्यावर आखडतो. फक्त मज्जारज्जू शाबूत हवा. ऊसतोड मजुरांच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, तीन दगडांच्या चुलीपाशी हे रोज घडतं. भाकरी उलटताना बोटं तव्याला लागतात आणि ‘भाजलं’ हे कळायच्या आत हात मागे आलेला असतो. तो निर्णय मज्जारज्जूनेच घेतलेला असतो, मेंदूला खबर मागाहून मिळते. तीही दोन हप्त्यांत. आधी बारीक, नेमका चटका आणि क्षणभराने पसरत जाणारी आग. पहिली खबर आवरण असलेल्या जलद तंतूंवरून येते, दुसरी आवरण नसलेल्या, सेकंदाला जेमतेम मीटरभर अंतर काटणाऱ्या तंतूंवरून. मज्जातंतूला वेळ लागतो हेच मुळी १८५० पर्यंत कुणी मोजलं नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या तंतूवर ते मोजलं आणि वेग निघाला सेकंदाला सुमारे २७ मीटर.

खबर वाटेत अडवताही येते, हे शिकवलं विषांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतलं क्युरारे हे बाणाचं विष बेडकांवर तपासलं. स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो आखडत होता, मज्जातंतूला दिला तर हलत नव्हता. म्हणजे विष बसत होतं ते दोघांच्या सांध्यावर. १९६३ मध्ये तैवानमधल्या चांग आणि ली या संशोधकांनी तिथल्या मण्यार सापाच्या विषातून याच सांध्यावर बसणारे घटक वेगळे केले. त्यांतल्या एकाच्याच आधाराने पुढे मज्जातंतूची खबर झेलणारा स्नायूवरचा ग्राहक रेणू हाती लागला.

विंचू आणि मण्यार शेजारी ठेवले की हा सगळा विचार डोळ्यांसमोर उभा राहतो. लाल विंचवाचं विष तंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. वेदना असह्य होते, घाम फुटतो, हृदय आणि फुप्फुसं कोलमडतात. जालना जिल्ह्यातून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला काम करताना, १९८०च्या दशकात, रक्तदाबावरच्या प्राझोसिन या औषधाने हे तांडव आवरता येतं हे दाखवून दिलं. मण्यारीचं उलट आहे. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही नीट दिसत नाही. विष मज्जातंतूची टोकंच निकामी करतं. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, मग श्वास घेणारे स्नायू थकतात. रुग्णाला आजूबाजूचं ऐकू येत असतं, पण बोट हलवता येत नाही. निकामी झालेली टोकं प्रतिविषाने लगेच पूर्ववत होत नाहीत. म्हणून वेळ हेच अर्धं औषध.

वेदना ही इजेची खबर आहे, इजा नव्हे. खबर आली नाही म्हणून इजा झाली नाही असं होत नाही. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. कोपीत तर सगळं कुटुंब जमिनीवरच झोपतं. तेव्हा मुकादमांनी आणि साखर कारखान्यांनी मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना बाज आणि मच्छरदाणीचाही हिशेब धरावा. पहाटे कुणी पोटदुखीने उठलं आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, देवऋषाकडे नेऊ नका. १०८ला फोन करा आणि जिथे सर्पविषावरचं प्रतिविष व व्हेंटिलेटर दोन्ही आहेत अशा रुग्णालयात न्या. दुखायची वाट पाहू नका.