अस्सलपणाची साक्ष

जुन्या लष्करी रायफलींचा संग्राहक एखादी थ्री-नॉट-थ्री हाती घेऊन तिच्या बोल्टच्या मुठीमागील क्रमांक रिसीव्हरवरील क्रमांकाशी, म्हणजे ज्या पोलादी कवचात तो बोल्ट मागेपुढे सरकतो त्यावरील क्रमांकाशी, ताडून पाहू लागतो, तेव्हा ज्या प्रश्नावरून नैयायिक आणि बौद्ध आचार्य शतकानुशतके वाद घालीत आले त्याच प्रश्नाच्या उंबरठ्यावर तो उभा असतो. बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दाखला देऊन चाके, आस, जू यांपलीकडे रथ म्हणून निराळी वस्तू नाही असे सांगितले. न्याय-वैशेषिकांनी उलट अवयवांहून भिन्न असा अवयवी मानला, आणि अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असा पक्ष मांडला.

रायफलीपुरते बोलावयाचे तर हा वाद मला गौण वाटतो. फौजेचे हत्यार हे बदलत राहण्यासाठीच घडविलेले असते. नळी झिजली की नवी बसते, कुंदा फुटला की दुसरा येतो, आणि बोल्ट बदलला तर शस्त्रागारातील कारागीर त्यावरचा पूर्वीचा क्रमांक रेघ मारून रद्द करतो व शेजारी नवा ठोकतो. दफ्तरातील खाडाखोडीशेजारी कारकुनाची सही असावी, तसा हा फेरफार उघड आणि जबाबदारीचा असतो. खरा प्रश्न प्रमाणाचा आहे. पोलादावरील शिक्का हे शब्दप्रमाण आहे, आणि शब्दाचे प्रामाण्य आप्तावर, म्हणजे जाणणाऱ्या व खरे सांगणाऱ्या वक्त्यावर, अवलंबून असते, हे न्यायशास्त्राचे म्हणणे येथे अक्षरशः लागू पडते.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने जर्मनांच्या कार-९८-के रायफली मोठ्या प्रमाणावर हस्तगत केल्या. पुढे त्या खोलून, साफ करून, भागांची सरमिसळ होऊ देऊन पुन्हा जोडण्यात आल्या, आणि कित्येकींच्या बोल्टवर रिसीव्हरचा क्रमांक विजेच्या लेखणीने कोरला गेला. ती रेखाटणी ओबडधोबड आहे, परंतु खोटी नाही. खोटेपणा सुरू होतो तो पुढे, जेव्हा एखादा विक्रेता किमतीच्या लोभाने ती घासून काढतो आणि तेथे जर्मन वळणाचे आकडे ठोकतो. असा भाग खिडकीपाशी तिरपा धरावा; घासलेल्या जागी उथळ खळगा पडलेला असतो व पोलादी पट्टी टेकविली की तिच्याखालून उजेडाची रेघ दिसते, आणि मूळ आकड्यांच्या तळाशी आजूबाजूचाच निळसर काळा मुलामा उतरलेला असताना नव्या आकड्यांच्या कडांनी तो मुलामा फोडलेला असतो.

हे केवळ किमतीचे प्रकरण असते तर मी त्यावर लिहिले नसते. परका बोल्ट त्या नळीशी जुळविलेला नसेल तर बोल्टचे तोंड आणि काडतुसाची बैठक यांतील अंतर बिघडते. थ्री-नॉट-थ्रीत काडतुसाच्या कडेसाठी लष्कराने ठरविलेली ही जागा ०.०६४ ते ०.०७४ इंच इतकीच आहे. ती ओलांडली की पितळी पुंगळी ताणून फाटू शकते आणि तप्त वायू डागणाऱ्याच्या डोळ्यांकडे उसळतो. म्हणून खोटा क्रमांक ठोकणारा असत्य आणि हिंसा ही दोन्ही पापे एकाच घावात करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि म्हणूनच क्रमांक कितीही जुळोत, गेज लावून ते अंतर प्रत्यक्ष मोजल्यावाचून त्या शब्दावर विसंबू नये.

परंतु याहून गहन गोष्ट अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीत आहे. तेथे कोणी लबाडी केली नव्हती. भट्टीतील पोलाद किती तापले हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून डोळ्यांनी ठरवीत. १९१७ मध्ये काही रिसीव्हर फुटल्यावर उष्णतामापक लावून पाहिले, तेव्हा लख्ख उन्हाच्या दिवशी योग्य भासणारा रंग ढगाळ दिवसाच्या मानाने फॅरनहाइटच्या ३०० अंशांपर्यंत अधिक ताप दडवितो, असे आढळले. ते पोलाद अतितापाने ठिसूळ झाले होते. अग्नीचा पाक, म्हणजे तापाने होणारा पालट, घटाच्या अखंड देहात होतो की परमाणूंत, हा नैयायिक व वैशेषिक यांच्यातील पिठरपाक-पीलुपाकाचा वाद येथे आठवतो, कारण या रिसीव्हरचा आकार, शिक्का, मुलामा सारे निर्दोष, आणि विकार मात्र कणांच्या घडणीत. स्प्रिंगफील्ड शस्त्रागाराच्या सुमारे ८,००,००० पर्यंतच्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ पर्यंतच्या क्रमांकांवर यामुळे संशय आहे. अशी रायफल अगदी अस्सल, एकही भाग न बदललेली असू शकते, आणि तिचा तो अस्सलपणा वापरणाऱ्याचे रक्षण करीत नाही; पुढे तिला नवी नळी बसविली असली तरी धोका रिसीव्हरमध्येच राहतो. शुद्ध म्हणजे निर्दोष, हा आपल्या मनाचा जुना पूर्वग्रह, जो वस्तूंप्रमाणे कुळांना आणि परंपरांनाही आपण लावीत आलो, तो या पोलादापाशी टिकत नाही. शांतिपर्वात सत्याची कसोटी भूतहिताशी जोडलेली आहे. ती येथे मला अधिक जवळची वाटते.

तेव्हा असे हत्यार नष्ट करावे, असे मी म्हणणार नाही. ते इतिहासाचे साक्षीदार आहे आणि कायद्याच्या चौकटीत राहून त्याला संग्रहात अवश्य स्थान द्यावे. मात्र ते डागू नये, आणि संग्राहकाच्या पश्चात ज्याच्या हाती ते जाईल त्याच्यासाठी खटक्याच्या कडीला एक चिठ्ठी बांधावी, जीत रिसीव्हरचा क्रमांक, बदललेल्या भागांची नोंद, गेज कोठे अडला त्याचे माप आणि ‘डागण्यास अयोग्य’ एवढे शब्द संग्राहकाच्या सहीनिशी लिहिलेले असावेत.