यंत्रानें टाकलेलें पाऊल कोणाचें?

ज्या मुलाचे पाय जन्मापासून त्याचें ऐकत नाहींत, त्यास उभें करून चालविणारें यंत्र आतां निघालें आहे. त्याविषयीं ऐकणारा एक म्हणेल, ही देवाच्या कामांत ढवळाढवळ होय. दुसरा म्हणेल, चालतें तें यंत्र, मूल नव्हे, मग मिळविलें काय? दोन्ही आक्षेपांचा विचार केला पाहिजे, कारण प्रश्न यंत्रापुरता नाहीं.

कानडा देशांत मनमीत मग्गू व राहुल उदासी ह्या दोघां यंत्रज्ञांनीं ट्रेक्सो नांवाचें असें एक यंत्र तयार केलें. मग्गू ह्यांच्या नात्यांतील एका लहान मुलास सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूस इजा होऊन स्नायूंवरील ताबा जाण्याचा विकार होता. त्याच्या कळवळ्यानें हें काम आरंभिलें गेलें. चाकांच्या चौकटींत मुलास पट्ट्यांनीं उभें करितात. कंबर व गुडघे ह्यांच्या सांध्यांशीं विजेच्या मोटारी असतात. त्या पाय उचलून पुढें टाकतात, आणि पाटीएवढ्या टॅब्लेटवरून त्यांची गति ठरवितां येते. स्पेन देशांत एलेना गार्सिया आर्मादा ह्या विदुषीनें मुलांसाठीं अ‍ॅटलास नांवाचें अंगावर चढवावयाचें यंत्र केलें, व त्याबद्दल तिला २०२२ सालीं लोकांच्या मतांनीं दिलें जाणारें युरोपीय संशोधक पारितोषिक मिळालें.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. ट्रेक्सोचे पाय ज्या चौकटीस जोडतात ती रिफ्टन नांवाच्या कारखान्याची आहे, आणि तो कारखाना ब्रूडरहोफ ह्या ख्रिस्ती समाजाचा आहे. हा समाज एबरहार्ड आर्नल्ड ह्यांनीं १९२० सालीं जर्मनींत स्थापिला. १९३७ सालीं नात्सी सरकारनें त्यास देशाबाहेर घालविलें. आणि त्याचे सभासद प्रेषितांच्या वेळच्या यरुशलेमेंतील मंडळीप्रमाणें आपलें सर्व कांहीं समाईक ठेवितात. तेव्हां असली साधनें अविश्वासाचीं लक्षणें होत असें म्हणणाऱ्यानें थोडें थांबावें. पक्षघाती मित्रास आणणाऱ्या चौघांनीं खाट वाहिली व घराचें छप्पर उसकटलें. प्रभूनें त्यांस त्या खटाटोपाबद्दल दोष दिला नाहीं, उलट त्यांतच त्यांचा विश्वास पाहिला.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पाय मोटार उचलते हें खरें. परंतु आमच्या खेड्यांत तान्हें मूल पांगुळगाडा धरून अंगणांत पहिलीं पावलें टाकतें, तेव्हां ‘गाडा चालला’ असें कोणती आई म्हणते? रफीदीम येथें मोशेचे हात भरून आले, तेव्हां त्याच्याखालीं धोंडा ठेविला, आणि अहरोन व हूर ह्यांनीं दोहों बाजूंनीं हात धरिले. तरी ते हात मोशेचेच होते. मदतीनें केलेलें कर्म आपलें नव्हे असें ठरविलें, तर धडधाकट मनुष्याजवळ तरी निव्वळ आपलें असें काय उरेल? शिवाय यंत्राची मदत कमी करितां येते, म्हणजे मुलानें थोडा जोर लाविला तर त्यास वाव राहतो.

तथापि यंत्राकडून भलती आशा धरूं नये. मेंदूची इजा त्यानें भरून निघत नाहीं. अर्धा तास चाललेलें मूल उरलेला दिवस बहुधा चाकांच्या खुर्चींतच काढील. येथेंच आम्हांस खरी भीति वाटते. चाललास तरच तूं पुरा मनुष्य, असें मुलाच्या मनांत भरलें, तर यंत्र काढून ठेवितांच तें पुन्हां उणें ठरेल. हा दोष यंत्राचा नाहीं. तो आपल्या बोलण्यांत आधींपासून आहे. कोणाच्या पापानें असें झालें, हा शिष्यांचा प्रश्न प्रभूनें नाकारिला, तरी तो आमच्या ओट्यांवर अजून विचारला जातो. कोठें कोठें प्रार्थनासभेंत अशा मुलास सर्वांदेखत उभें करितात, आणि तें पडलें कीं आईबापांचा विश्वास उणा म्हणतात. ह्यास आम्ही क्रूरपणा म्हणतों. योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ दोन्ही पायांनीं लंगडा होता. दावीदानें त्यास नित्य आपल्या पंक्तीस जेवावयास बसविलें, आणि तो लंगडाच राहिला.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. ह्या यंत्रांची किंमत कित्येक लाख रुपयांच्या घरांत जाते, आणि तेवढ्यांत पुष्कळ खुर्च्या येतील. म्हणून मुलासाठीं यंत्र इच्छिणाऱ्या बापास आम्ही लोभी म्हणणार नाहीं. पण मंडळीच्या पेटींतला पैसा आधीं कोठें जावा ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं. देवळाच्या पायऱ्यांशेजारीं चढण बांधावयास थोडी वाळू, थोडें सिमिट व दोन दिवसांची मजुरी लागते. तसेंच २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट होते. ज्या मुलाची मान वेळेवर धरली नाहीं किंवा ज्याचे पाय ताठ राहतात, त्यास अंगणवाडींत दाखवावें, व तेथून जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. आईबाप लाजेनें घरांत ठेवीत असतील, तर उपदेशकानें स्वतः जाऊन बोलावें, आणि मूल बोलतें असेल तर त्यालाही विचारावें कीं त्यास काय हवें आहे.