जुन्या गाडीचा ब्रेक आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

जुन्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकातला ब्रेक बहुधा एका कॅमचा असतो. हँडलवरचा लिव्हर दाबला की केबल ताणली जाते, कॅम फिरतो आणि दोन शू ड्रमला आतून घासू लागतात. त्यातल्या एका शूला फिरता ड्रम स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून तो घट्ट धरतो. दुसऱ्याला तोच ड्रम मागे ढकलतो. सुधारित ब्रेकमध्ये प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम मिळतो, दोन्ही कॅम एका दांडीने जोडलेले असतात आणि ड्रमच्या फिरण्याचा फायदा दोन्ही शूंना होतो. हाताचा जोर तेवढाच, पण गाडी लवकर थांबते. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या बुलेटवर पुढे सात इंची ड्रमचा असा ब्रेक आला, आणि त्याआधीच्या बुलेटला तो बसवून घेण्याची रीत पडली. त्यासाठी ड्रम, ब्रेक प्लेट, शू आणि केबल बदलावी लागते, कधी सगळे चाकच. एवढे बदलल्यावर ती गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची तीच गाडी राहते का, हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाबद्दल विचारतो. आस म्हणजे रथ नव्हे, चाके म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही नव्हे. आणि हे सारे वगळून वेगळा रथ दाखवता येत नाही. 'रथ' हे त्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. न्याय आणि वैशेषिक या दर्शनांच्या अनुयायांना, म्हणजे न्याय-वैशेषिकांना, हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे भागांनी बनलेली अखंड वस्तू, खरोखर असतो. पण एक अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. 'ही तीच' असे जे वाटते ते सादृश्यामुळे. या हिशेबाने नवी ब्रेक प्लेट बसताक्षणी जुनी बुलेट संपली. दोन्ही मते तर्काला घट्ट आहेत, पण मालकाने काय करावे हे दोन्हीही सांगत नाहीत. कारण मूळचा ब्रेक तसाच ठेवला तरी मूळचा म्हणावा असा ब्रेक राहतच नाही. ब्रेकचे काम झिजण्यातून होते. लायनर दर वेळी थोडे घासले जाते, केबलच्या तारा एकेक करून तुटतात. पन्नास वर्षे चाललेल्या गाडीत कारखान्यातून आलेले शू असतील, तर ती गाडी फारशी थांबवली गेलेली नाही किंवा फारशी चालवलीच गेलेली नाही.

म्हणून द्रव्य किती जुने यापेक्षा ही वस्तू अजून आपले काम करते आहे का, हा प्रश्न अधिक खोल आहे. अंबरनाथला याचे मोठे उदाहरण उभे आहे. वालधुनी नदीच्या काठावरचे शिलाहारांचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० च्या शिलालेखामुळे ओळखले जाते. छित्तराजाने आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले. शिखराचा बराच भाग ढासळलेला आहे. पुरातत्त्व खाते ते शिखर नव्या दगडांनी पुन्हा उभे करत नाही, उरलेले सावरते. पण गाभाऱ्यात पूजा चालू आहे आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. याच खात्याचे तेव्हाचे महासंचालक जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन-पुस्तिकेत पडीक वास्तू आणि वापरातली धर्मस्थळे यांत फरक केला आहे. वापरातल्या वास्तूला अधिक दुरुस्तीची मोकळीक द्यावी लागते. परंपरेतला जीर्णोद्धारही हेच जाणतो. देवत्व विधिपूर्वक कलशात उतरवून घेतात, काम पुरे झाले की पुन्हा प्रतिष्ठा करतात. दगड बदलतो, पण पूजेची धारा तुटू दिली जात नाही. चालती मोटारसायकल या दुसऱ्या वर्गातली आहे. दसऱ्याला झेंडूची माळ घालून जिची पूजा होते, ती ब्रेक बदलल्यावरही घरच्यांना तीच गाडी असते, आणि त्यांचे ते म्हणणे भ्रम ठरवायला नैयायिकाजवळ पुरेसे कारण नाही.

शेजारच्या उल्हासनगरात ओळखीचा आणखी एक आधार दिसतो. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बहुतेक बराकी पडून त्या जागी इमारती आल्या, तरी पत्त्यात कॅम्प आणि बराकीचा क्रमांक अजून लिहिला जातो. वस्तू गेली, क्रमांकाने सातत्य राखले. मोटारसायकलीच्या बाबतीत हे काम चॅसीचा क्रमांक करतो.

कायद्याची विभागणीही जपून ठेवलेली वस्तू आणि वापरातली वस्तू या फरकाच्या अंगाने जाते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या तरतुदींनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनातला फेरफार तिथे आड येतो. अशी गाडी रोजच्या रहदारीत चालवायची नसते, प्रदर्शन किंवा रॅली यांसारख्या ठरलेल्या कारणांसाठीच काढायची असते. कल्याणच्या एमएच-०५ क्रमांकाखाली साधी नोंद असलेली गाडी मात्र बदलापूर-काटई रस्त्यावर पावसाळ्यातही धावते. तिलाही मोटार वाहन कायद्याचे वाहनातल्या फेरफारासंबंधीचे कलम ५२ लागू आहेच, त्यामुळे मोठ्या बदलाआधी परिवहन कार्यालयात विचारणे शहाणपणाचे. पण ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक सुटतो तेव्हा समोर रस्ता ओलांडणारा माणूस असतो, आणि गाडीच्या अस्सलपणाशी त्याचे काही देणेघेणे नसते. अहिंसा हे व्रत मानायचे तर मूळपणाची हौस त्याच्या जिवावर भागवता येत नाही. संग्रहात उभ्या असलेल्या गाडीचा ब्रेक जसा आहे तसा राहू द्यावा; रस्त्यावरच्या गाडीचा बदलावा. यात दुमत व्हायला फारशी जागा नाही.

काढलेल्या भागांचे काय करावे, हा प्रश्न मागे राहतो. एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाच्या ग्रीक कथेला इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्जने सतराव्या शतकात एक जोड दिली: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर खरे कोणते? ब्रेकपुरते उत्तर सोपे आहे. नवा ब्रेक बसवताना फोर्क कापू नये, त्यावर वेल्डिंग करू नये. मूळ प्लेट, ड्रम आणि चाक तेल लावून जपून ठेवावे, म्हणजे पुढच्या मालकाला हवे तर उलट जाता येईल. आणि एक मर्यादा ध्यानात असावी: दोन कॅमचा ब्रेक पुढच्या दिशेने जितका घट्ट, तितकाच चढावर गाडी मागे सरकू लागली की ढिला, कारण तेव्हा दोन्ही शू ड्रमपासून ढकलले जातात. त्यामुळे पुढचा ब्रेक बदलताना मागच्याचे लायनरही तपासून घ्यावे लागते.